पौषातलं चूलबंद आवतण

आमच्या मंगल कार्यालयाचे भाव दोन. दाट तिथीला अकरा हजार, पौषात चार. चार हजारांतही हॉल तोच, गाद्या त्याच दोनशे, नळ तेच आणि मॅनेजर मीच. फरक एवढाच, की मे महिन्यात मी लोकांना नाही म्हणतो आणि पौषात लोक मला.

शहाण्णवच्या डिसेंबरात हसनाबादचे सर्जेराव जालन्याला आमच्या ऑफिसात आले. सोबत बायको गिरिजाबाई आणि लग्नाची मुलगी प्रभावती. सर्जेराव पुढच्या खुर्चीवर बसले, बाकीच्या दोघी बाकावर.

"मागल्या पौषात आमच्या साळवे गुरुजींच्या पोराचं लग्न इथंच झालं," सर्जेराव म्हणाले. "चार हजारांत झालं म्हणत्यात. खरं का?"

"खरं."

"आन् आमच्या चुलत्याकडून अकरा घेतले."

"त्यांनी मे महिना घेतला. गुरुजींनी पौष."

साळवे गुरुजी बौद्ध. पौषाशी त्यांना काही देणंघेणं नाही. सर्जेरावांना होतं, पण सात हजारांनी कमी झालं. ते आधीच भटजींकडं जाऊन आल्ते. संक्रांतीनंतर एक काढीव, अडीनडीला चालणारी तिथी निघत होती, सव्वीस जानेवारी, वार रविवार. "शास्त्राची मनाई न्हाई, लोकांचीच आहे," असा भटजींचा निरोप त्यांनी मला दोनदा ऐकवला. दुसऱ्यांदा तोंड बाकाकडं होतं.

"लोकांतच राह्यचंय आपल्याला," गिरिजाबाई म्हणाल्या. "पौषात लग्न! पोरीत काही खोट आहे म्हणतील."

"खोट न्हाई, सूट आहे. आन् यायलाच कोण बसलंय पौषात बोलायला?"

मुलगी तोवर भिंतीवरच्या दरपत्रकाकडं पाहत होती. तिनं विचारलं, "आबा, सात वाचतात ना? मंग ते माझे."

यामागं एक ठराव होता. तो मला त्याच बैठकीत कळला, कारण तिघंही माझ्यासमोरच भांडले. नवरदेव बद्रीनाथ केदारखेड्याचा, एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला. पाळी बारा तासांची, पगार बेताचा. त्याचे वडील तातेराव यांनी सरळ सांगितलं होतं: पोरीनं पिको-फॉलची मशीन आणली तर नवराबायकोनं जालन्यात खोली करावी, भाडं तिच्या शिवणातून निघेल. मशीन नसेल तर पोरगा मिलमध्ये आणि सून केदारखेड्याला, कापसात. प्रभावतीनं वर्षभर शिवणक्लास केला होता. कापूस तर ती चालायला लागल्यापासून वेचत होती. कोणतं काम बरं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुकानातला भाव तिच्याकडं लिहून होता. मशीन पाच हजार दोनशे, मोटार तेराशे, टेबल पाचशे. बराबर सात हजार.

"पैसे आजच द्या. मी आजच घेते," ती म्हणाली.

"आधी लग्न, मंग मशीन. खर्चा सांगून येत न्हाई." सर्जेरावांनी चार हजार भाडं आणि दीड हजार डिपॉझिट मोजलं. उरलेले सात हजार बंडीच्या आतल्या खिशात ठेवून बटण लावलं. ते बटण पक्कं शिवलेलं होतं. शिवणारी बाकावर बसली होती.

तातेरावांनी पौषावरून फार ताणून धरलं नाही. वऱ्हाडाच्या गाड्यांचा खर्चा त्यांच्याकडं होता, आणि पौषात टेम्पोवाले निम्म्या भाड्यात येत होते. ही गोष्ट सर्जेरावांनी मला मोठ्या कौतुकानं सांगितली. तिच्यावर आम्ही दोघांनीही आणखी विचार करायला हवा होता.

लग्नाच्या आठवडाभर आधी सर्जेराव ताटांचा हिशेब करायला आले. आमच्या भागातला ठोकताळा असा, की शंभर तोंडांना आवतण दिलं तर चाळीस जेवायला येतात. दाट तिथीला एकेका घरात पाच-पाच पत्रिका. बाप भोकरदनला, थोरला जालन्याला, आई माहेरच्या लग्नाला, आणि गुरं राखायला एक घरी.

"आवतण हजार तोंडांना," सर्जेराव म्हणाले. "म्हंजी चारशे ताट."

"पौषात तीनशेही होतील," मी म्हणालो. बावीस वर्षं कार्यालय चालवणारा माणूस हे बोलला, हे इथं लिहून ठेवतो.

माणसं येणारच नाहीत म्हटल्यावर सर्जेरावांचा हात सैल सुटला. त्यांनी पुऱ्या हसनाबादेत आणखी एक फेरी मारली आणि दारोदार चूलबंद आवतण दिलं. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी लग्नाला जेवायला यायचं. गावात हे आवतण एखादा पाटीलच देतो. सर्जेरावांना ते फुकट पडत होतं. पत्रिकेवर शेवटी 'आहेर स्वीकारला जाणार नाही' असंही छापलं. आहेर घेतला की उलट आहेर करावा लागतो, आणि तेवढ्या टोप्या-टॉवेलांचा भाव त्यांनी काढून पाहिला होता.

सव्वीस तारखेला पहिला टेम्पो दहाला आला. मंग दुसरा. मंग दोन ट्रॅक्टर. साडेअकराला मी फाटकात जाऊन उभा राहिलो. एका टेम्पोतून म्हातारी उतरली, तिच्या मागं मुलगा, सून आणि चार नातवंडं.

"सगळेच आले का आजी?"

"घरी राहून काय खावं? चूल बंद."

"दुसरीकडं कुठं लग्न नव्हतं?"

तिनं मला पायापासून वर पाहिलं. "पौषात कुठं लग्न असतंय, बाबा?"

टेम्पोवाल्यानंही येतानाच परतीचं भाडं निम्मं सांगितलेलं. ज्या कारणानं सर्जेरावांना हॉल स्वस्त पडला, त्याच कारणानं अख्ख्या गावाला सर्जेराव स्वस्त पडले.

साळवे गुरुजी दुपारी आले. पत्रिका एक, माणसं दोन, ते आणि त्यांची मंडळी. त्यांनी अंगणातली गर्दी पाहिली, सर्जेरावांना पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सर्जेराव, आमचा पौष घेतला. आमची यादी काहून न्हाई घेतली? आम्ही तर पत्रिकेवर माणसांचा आकडा टाकला होता."

अक्षता पडल्या होत्या, दोनशेच्या दोन पंगती उठल्या होत्या, आणि बाहेर त्याहून जास्त लोक पंगतीच्या तिप्पट आवाजात बसून होते. आचारी कडूबा हात पुसत आला.

"मालक, चारशेचं सामान संपलं. कणीक पाह्यजे, तेल पाह्यजे, डाळ पाह्यजे."

"भात वाढव."

"भातावर टाकू काय?"

सर्जेरावांनी बंडीत हात घातला.

मंचावरून हे सगळं सरळ दिसतं. आमच्या हॉलचा मंच चार फूट उंच आहे, नवरानवरीला सगळ्यांनी पाहावं म्हणून. नवरीलाही सगळे दिसतात, हे बांधताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी मंचाजवळच उभा होतो. गिरिजाबाई मुलीच्या कानाशी लागल्या, "प्रभे, मान खाली घाल. नवरी आहेस."

"घातली असती आई. आबा बटण काढून राह्यले."

तिसऱ्या पंगतीला टेबल गेलं. चौथ्या पंगतीला मोटार. पाचवी बसली तेव्हा कडूबानं बुंदीसाठी साखर मागितली, आणि इथून मशीनच्या अंगाला हात लागला. हे हिशेब माझे नाहीत. मुलगी एकेक नाव घेऊन आईला सांगत होती, मंगळाष्टकाच्या आवाजात. तिकडं वांगी चिरली जात होती आणि सर्जेराव पंगतीतून हात जोडत फिरत होते, "सावकाश जेवा, काही कमी न्हाई." बुंदीला कुणी नाही म्हणत नव्हतं. दिवाळीपासून लोकांनी ती पाहिली नव्हती.

पत्रावळी मोजल्या तेव्हा अकराशे चाळीस भरल्या. पाच वाजता सर्जेराव मंचाच्या पायरीवर येऊन बसले. प्रभावतीनं हात पुढं केला. त्यांनी खिसा उलटा करून दिला. एकोणीसशे रुपये.

"इज्जत राह्यली," सर्जेराव म्हणाले.

"इज्जतीला मोटार बसंल का, आबा?"

तातेरावांकडची गाडी फाटकात लागली होती. एका बाईनं येऊन निरोप दिला, की केदारखेड्याला दिवे लागायच्या आत पोचायचंय. जालन्याच्या खोलीचं नाव त्यात नव्हतं. प्रभावती जागची उठली नाही. तिनं मला बोलावलं.

"मॅनेजर काका, डिपॉझिट?"

मी गाद्यांकडं बोट दाखवलं. खोळींवर वरण होतं, वांगं होतं, हळद होती, लहान पोरांचं जे असतं ते होतं. काही उसवल्या होत्या. "हे कशात धरू?"

"नव्या शिवाव्या लागतील. दोनशे आहेत ना? मी शिवते. कापड तुमचं. डिपॉझिट पूर्ण द्या."

"आणि शिलाई?"

"खोळीला अठरा रुपये. सगळे आगाऊ."

"अठरा? शिंपी दहा घेतो."

"तुमची पुढची तारीख कधीची?"

"वसंत पंचमी."

"म्हंजी सोळा दिवस. शिंप्याला विचारून पाहा, सोळा दिवसांत दोनशे करतो का."

मी विचारलं होतं, मागच्या वर्षी. त्यानं महिना लावला होता. तरी मी म्हणालो, "पण अठराच का?"

"एकोणीसशे हे, पंधराशे डिपॉझिट. छत्तीसशे कमी पडून राह्यले. दोनशेनं भागा." मंग म्हणाली, "मे महिन्यात अकरा हजारच का, असं तुम्हाला कुणी विचारतं का?"

"बाई, हॉल मोकळा करायचाय."

"उद्या कुणाचं लग्न आहे इथं?"

उद्या कुणाचं नव्हतं. परवाही नव्हतं. सोळा दिवस नव्हतं, हे तिला मीच सांगून बसलो होतो.

"मंग मी बसते," ती म्हणाली आणि मुंडावळ्या नीट केल्या. बद्रीनाथ शेजारीच होता. आता तोही पाय सोडून ऐसपैस बसला.

मी डिपॉझिटचे पंधराशे आणि शिलाईचे छत्तीसशे मोजून दिले. तिनं सात हजार परत मोजले आणि वडिलांकडं न देता नवऱ्याकडं दिले. गाडी दुकानावरून गेली. केदारखेड्याला पोचायला उशीर झाला, पण मशीन पुढं ठेवलेली होती म्हणून तातेराव काही बोलले नाहीत, असं नंतर कळलं. आठ दिवसांत खोली झाली.

वसंत पंचमीच्या दोन दिवस आधी बद्रीनाथच्या सायकलवर खोळींची गाठोडी आली. मागून ती चालत आली. शिवण दुहेरी होतं, नाड्या पक्क्या. मी मोजल्या. एकशे नव्व्याण्णव. सोबत कागदाच्या पुडीत अठरा रुपये.

"एक कमी आहे," मी म्हणालो.

"न्हाई. गाद्या मोजा."

मोजल्या. एकशे नव्व्याण्णवच होत्या.

"एक त्या दिवशी हिरव्या टेम्पोत गेली, चौथ्या पंगतीला," ती म्हणाली. "मी मंचावरून पाह्यली."

"मंग तवाच काहून न्हाई सांगितलं?"

"तवा डिपॉझिट मिळायचं होतं, काका."