रेकॉर्ड रूममधलं घुबड

आमच्या ऑफिसात उंदीर फायली खातात आणि साहेब बिस्किटं. कामाला दोघांपैकी कुणीच येत नाही. हे मी, सुधा, वरिष्ठ लिपिक, बावीस वर्षांच्या नोकरीनंतर सांगतेय.

जिल्ह्याचा निसर्ग जपायचा आराखडा करायचं काम आमच्याकडे. त्यासाठी पेठकडच्या चाळीस गावांत मी दोन उन्हाळे पायपीट केली. कुठला झरा मे महिन्यातही वाहतो, ते तिथल्या ठमाबाईंनी काट्याकुट्यांतून नेऊन दाखवलं. आराखड्यात नोंदलेल्या झऱ्याजवळ खाण होणार नाही, असं ठरलेलं. ठमाबाईंच्या गावाचा सगळा जीव त्या नोंदीत. आणि नोंदींची वही एकच! झेरॉक्सची मंजुरी सहा महिने वर अडकलेली, मोबाइलवर फोटो काढू म्हटलं तर म्हणे गोपनीय.

मार्चमध्ये रेकॉर्ड रूमच्या फुटक्या खिडकीतून एक गव्हाणी घुबड आलं आणि कपाटावर मुक्काम ठोकून बसलं. आठ दिवसांत उंदीर गायब. मला तर त्याची दृष्ट काढावीशी वाटली.

गायधनीसाहेबांना मात्र ते पाहून घाम फुटला. आराखड्याचं चौथं प्रकरण त्यांनीच लिहिलेलं: घुबड शेतकऱ्याचा मित्र, द्राक्षबागांत त्याच्यासाठी पेट्या बसवा, अंधश्रद्धा सोडा. मी तेच पान त्यांच्यापुढे धरलं.

"सुधाताई, ते शेतकऱ्यांसाठी आहे," साहेब म्हणाले. "माझं प्रमोशन तोंडावर आलंय."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! साहेबांचे चुलतभाऊ विश्वेशगुरुजी रामकुंडावरून आले, रेकॉर्ड रूममध्ये शांतिपूजा झाली, शिपायाने घुबड हुसकावलं आणि खिडकीला पत्रा ठोकला. प्रसादाचा शिरा सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला. उरलेल्या शिऱ्याचं पातेलं शनिवार-रविवार तिथेच राहिलं.

सोमवारी कुलूप काढलं, तर वहीचा भुगा झालेला. मी फतकल मारून रडले. साहेबांनी पाणी दिलं आणि समजावलं, की आराखडा उद्या पाठवायचाय, ज्याचा पुरावा नाही ते लिहायचं नाही.

आराखडा मंजूर झाला. चौथ्या प्रकरणाचं फार कौतुक झालं, साहेबांना बढती मिळाली. बाराव्या पानावर छापलंय: पेठ भागात नैसर्गिक झरे आढळले नाहीत.

काल ठमाबाईंचा फोन आला. झऱ्यापाशी खाणवाल्याचं मशीन येऊन उभं राहिलंय म्हणाल्या, पण आवाजात जराही घोर नव्हता.

"बाई, त्याला कुठलं पान दावू?"