नो एरर

बावीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला इंग्रजी येतं का, हे आता कॉम्प्युटर ठरवणार होता. हॉस्पिटलच्या नव्या साहेबांचा फतवाच निघाला: इन्चार्ज सिस्टर व्हायचं तर इंग्रजीच्या परीक्षेत साठ मार्क हवेत. मला दोनदा अठ्ठावन्न पडले होते. तिसरी संधी शेवटची. नाहीतर जिला सलाइन लावायला मी हाताला धरून शिकवलं, ती माझ्या डोक्यावर येऊन बसणार. तिचा बिचारीचा काही दोष नाही, पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो व्हायचाच.

लेक शिकवायला बसली.

“आई, ‘अंडर द वेदर’ म्हणजे काय?”

“पावसात भिजलेला.”

“आजारी गं!”

“मग सरळ ‘सिक’ म्हणायला यांचं तोंड दुखतं का? मी तर पेशंटला छत्री दिली असती.”

ती हसली. मला हसू येईना. पेशंट दुखतंय तिथं हात ठेवतो, कण्हतो, आणि मला कळतं. त्याचे मार्क कोण देतं?

वाक्यातली चूक शोधायची असली की मी हमखास आपटायचे. पलंगाचा कठडा वर न करता सिस्टरने पाठ फिरवली आणि आजोबा खाली पडले, अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य होतं. मी ‘कठडा वर न करता’ या तुकड्यावर खूण केली.

“आई, व्याकरण बरोबर आहे त्याचं!”

“कठडा वर न करता पाठ फिरवली, ही चूक नाही?”

“तू सिस्टर म्हणून वाचू नकोस. नुसते शब्द बघ. ‘विदाउट’नंतर आयएनजी आलं, बरोबर. ‘नो एरर’ दाबायचं आणि पुढं जायचं.”

सिस्टर म्हणून वाचू नकोस! अहो, परीक्षा सिस्टरच्याच जागेची ना?

परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या दोन्ही बाजूंना लेकीच्या वयाच्या मुली खटाखटा बटणं दाबत होत्या. शेवटचा प्रश्न आला. सिस्टरने नाव न तपासता बाळाला इंजेक्शन दिलं. वाक्याचे चार तुकडे, प्रत्येकाखाली रेघ, पाचवा पर्याय ‘नो एरर’. माझं बोट आपसूक तिसऱ्या तुकड्यावर गेलं: ‘विदाउट चेकिंग’. विदाउट, पुढं आयएनजी. एका नव्या मुलीच्या हातून असं होता होता राहिलं होतं, तेव्हा सगळ्या वॉर्डासमोर मी तिला रडवलं होतं. वीस सेकंद उरले. दहा उरले. मी ‘नो एरर’ दाबलं.

साठ पडले. बरोबर साठ. साहेबांनी हात मिळवला, लेकीनं मिठी मारली. माझे डोळे भरले तर तिला वाटलं, आनंदाने. कसला आनंद! संताप होता नुसता. नाव न बघता टोचलेल्या बाळासमोर मी ‘चूक नाही’ म्हणून कबुली दिली, तेव्हा कुठं यांनी वॉर्ड माझ्या ताब्यात दिला.