पहिलं कलम

कायद्यासमोर सर्व समान असतात. खिडकीसमोर मात्र रांग असते, आणि त्या सकाळी त्या रांगेत शिक्केभाऊंची सख्खी बहीण सातवी उभी होती.

शिक्केभाऊ एकतीस वर्षं न्यायालयात दावे दाखल करून घ्यायच्या खिडकीत बसत होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं. जवळ दोन शिक्के : वेळेत आलेल्याला ‘दाखल’, उशिरा आलेल्याला ‘मुदतबाह्य’. दुसऱ्याचं रबर जास्त झिजलं होतं.

“पुढे या,” शिक्केभाऊ म्हणाले.

“या काय, या? बहीण आहे मी तुझी, बाळ्या.”

“ताई, इथं बाळ्या नको गं.”

नऊ वर्षांपूर्वी ताईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर तो डोळा मंदावतच गेला. ताई कपडे शिवायची, त्यामुळे घरच्यांनी परस्पर निकाल दिला : रात्रंदिवस मशीनवर बसून स्वतःच डोळा घालवला. गेल्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, की ऑपरेशनच्या वेळी आत टाक्याचा तुकडा राहिला होता. जुन्या कायद्यानं मुदत ऑपरेशनपासून तीन वर्षं. म्हणजे डोळ्याच्या आधी हक्क गेला होता.

नव्या कायद्यात ही मुदत नुकसान कळल्या दिवसापासून मोजायची होती. राजपत्रात तो छापून आला त्याच दिवशी शिक्केभाऊंनी घरी नेला, लाल पेन घेऊन वाचून काढला आणि तिसऱ्या दिवशी ताईला बोलावलं.

“भरपाई-बिरपाई नको,” ताईनं वकिलाला बजावलं होतं. “चूक त्यांची, एवढं लिहून द्या म्हणावं. सूनबाईला दाखवायचंय.”

शिक्केभाऊंनी ‘दाखल’ मारला. जरा जोरातच.

चार वाजता साहेबांनी आत बोलावलं.

“हे काय केलंत?”

“नव्या कायद्यानं दाखल केलं, साहेब.”

“तो लागू कुठं झालाय? पहिलं कलम वाचलंत?”

पहिलं कलम त्यांनी वाचलं नव्हतं. कचेरीत ते कोणीच वाचत नाही. त्यात कायद्याचं नाव असतं, आणि नाव वर मोठ्या अक्षरांत छापलेलंच असतं. या खेपेला नावाखाली आणखी एक ओळ होती : हा कायदा पुढील महिन्याच्या एक तारखेपासून अंमलात येईल. शेवटचं कलम मात्र त्यांनी वाचलं होतं, लाल रेघसुद्धा मारली होती. कायदा अंमलात येण्याआधी दाखल झालेल्या दाव्याला जुनाच कायदा. तो फेटाळला किंवा मागे घेतला, तरी पुन्हा आणता येणार नाही.

“साहेब, लवकर आला म्हणून कोणाचा दावा गेलेला मी बघितला नाही.”

“मीही नाही,” साहेब म्हणाले. “जाताना दार लावून घ्या.”

शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना सगळं ऐकू आलं होतं. “भाऊ, आजच्या नोंदीचं पान सुटंच आहे हो. वहीत उद्या शिवतात. मला काही दिसलं नाही, चष्मा घरी राहिलाय.” चष्मा त्यांच्या नाकावर होता.

शिक्केभाऊंनी पान उचललं. त्यावर ताईच्या नावाच्या वर आणखी सहा नावं होती. ती माणसंही सकाळी रांगेत उभी होती. त्यांनी पान जागेवर ठेवलं आणि ताईच्या कागदावर दुसरा शिक्का मारला. नीट उठला नाही, म्हणून पुन्हा मारला.

संध्याकाळी ते ताईकडे गेले. तिनं मशीन थांबवली नाही.

“उशीर झाला म्हणून गेलं?”

“नाही. लवकर झालं म्हणून.”

“असंही असतं?”

“असतं.”

“म्हणजे माझी चूक नाही ना?”

“नाही. माझी.”

मशीन थांबली. “लिहून दे.”

शिक्केभाऊंनी बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं : ताईची चूक नाही. चूक माझी. खाली सही केली, तारीख घातली. ताईनं कागद डाव्या डोळ्याजवळ नेऊन दोनदा वाचला.

“कशाची चूक, ते लिहिलं नाहीस.”

“नाही लिहिलं.”

“राहू दे तसंच,” ताई म्हणाली, आणि सुनेला हाक मारली.

एक तारखेला कायदा अंमलात आला. त्या दिवशी रविवार होता. खिडकी बंद होती.