कप्तानाची सर्व्हिस

“घे लवकर, कप्तान. दोघंच राहिलीत,” पाळकसाहेब म्हणाले.

मैदानाच्या कडेला उरले होते चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे मास्तर आणि कप्तानाची बायको. मास्तरांना जाड चष्म्यातूनही समोरचं जेमतेमच दिसे. बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसभर उभी राहून चादरींना इस्त्री करी. डाव्या गुडघ्याने कधीच दगा दिला होता. तरी आज ती लेकीचे बूट घालून आली होती. सकाळी बसमध्ये चढताना म्हणाली, “अहो, दर सहलीला मी आपली काकड्या चिरत बसते. यंदा मी पण खेळणार हं.”

“खेळ की,” तो हसून म्हणाला होता.

एरवी तो साधा वायरमन. लोकांच्या घरी शिडीवर चढून पंखे लावायचे आणि उतरल्यावर ‘फरशीवर डाग पडले’ म्हणून ऐकून घ्यायचं. पण चर्चच्या मंडळीच्या सहलीतली व्हॉलीबॉलची ढाल वर्षानुवर्षं त्याच्याच संघाकडे येई, आणि त्या एका दिवशी बँकेतले साहेबसुद्धा त्याला कप्तान म्हणत.

त्याने बायकोकडे पाहिलं. बुटाची बांधलेलीच नाडी ती पुन्हा बांधत होती. घरचं माणूस आहे, समजून घेईल, असं त्याच्या मनात आलं.

“मास्तर, या तुम्ही.”

मास्तरच बिचारे गोरेमोरे झाले. “अरे, पण वहिनी...”

“या वहिनी, आमच्याकडे या!” पलीकडच्या संघाची कप्तान, बेकरीवाली, मोठ्याने म्हणाली. “आमचं नशीब उघडलं!”

“कप्तान, आज घरी उपास बरं का!” कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. तोही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

बायकोला खेळ येत नव्हता, पण जागा सोडत नव्हती. एकदा कसाबसा तिचा बॉल नेटवरून गेला, तेव्हा पलीकडच्या बायकांनी जिंकल्यासारखा गलका केला. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा नुसता फुलला होता. तो मास्तरांना उगाच काहीतरी समजावत राहिला.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी त्याच्या संघाला एकच गुण हवा होता आणि सर्व्हिस त्याची होती. बेकरीवालीकडे बॉल गेला तर तो परत येणार, हे ठरलेलं. मागच्या कोपऱ्यात बायको उभी होती, दोन्ही हात पुढे धरून.

लेक त्याच्याच संघात होती. ती हळूच म्हणाली, “पप्पा, आईकडे नको हं.”

त्याने बॉल तिकडेच मारला. जोरात, आणि नेमका डाव्या बाजूला, जिकडे तिला वळता येत नसे.

जल्लोष झाला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. वरून त्याला दिसलं, बायको जमिनीवर हात टेकून उठत होती आणि लेक नेटखालून वाकून तिच्याकडे धावत होती. “उतरवा रे,” तो म्हणाला. पण त्या आरड्याओरड्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

ती नळापाशी सापडली. हातावर गार पाणी सोडत होती. कोपराखाली लालभडक वळ उठला होता.

“फार लागलं का गं?”

“नाही.”

“मी... म्हणजे खेळात असं...”

तिने नळ बंद केला. “मला घेता येणार नाही, हे माहीत होतं ना तुम्हाला?”

त्याला खोटं बोलता आलं असतं. वारा होता, हात सटकला, काहीही.

“हो,” तो म्हणाला.

“मग झालं तर.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात पाळकसाहेबांची हाक आली. “कप्तान, फोटो! वहिनींनाही आणा. ढालीचे खरे मानकरी तुम्ही जोडीने!”

“तू नको येऊस,” तो पुटपुटला. “मी सांगतो काहीतरी.”

“चला,” ती म्हणाली. “सगळे बघताहेत.”

ती त्याच्या शेजारी उभी राहिली. ढाल त्याच्या हातात दिली गेली. एवढ्याशा लाकडाचं त्याला ओझं झालं. फोटोवाल्याने सगळ्यांना जवळ सरकायला सांगितलं. तेव्हा तिने दुमडलेली बाही सोडली आणि मनगटापर्यंत नीट खाली ओढून घेतली, वळ झाकेपर्यंत. मग मान वर करून समोर बघत ती हसली.