कॅसेटीबाहेरचा सवाल

शक्ती-तुऱ्याची बारी म्हणजे तोंडाचा आखाडा. शक्तीवाल्याने ढोलकीच्या तालावर भरधाव सवाल फेकायचा, तुरेवाल्याने तिथल्या तिथे गाण्यातच जवाब द्यायचा. अंबरनाथच्या नाथाशाहिरांचा सवाल आजवर कुणाला सुटला नव्हता.

चौऱ्याण्णव साली कॅम्प चारमधल्या सिंधी कॅसेटवाल्या जेठानंदने त्यांना ऐकलं आणि त्याला साक्षात्कार झाला.

"साईं, ये तो रॅप है! कॅसेट काढू."

"रॅप नाय, शक्ती हाय."

"तेच ते, साईं."

गोदामाच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकून स्टुडिओ झाला. शाहिरांनी आयुष्याची पुंजी, म्हणजे सगळे सवाल, गाऊन टाकले. कॅसेट आली तर कव्हरवर काळा चष्मा लावलेला, उलट्या टोपीचा कुणी पोरगा!

"हा कोण माझा बाप?" शाहीर कडाडले.

पण कॅसेट गरम भज्यांसारखी खपली. पानाच्या टपरीवर, रिक्षात, सोनिवलीच्या लग्नात तीच. शाहिरांचा संताप निम्म्यावर आला. एवढी घेतंय कोण, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

ते पुढच्या वर्षीच्या गणपतीत कळलं. बदलापूरला रविवारी दुपारी बारी होती, समोर तुऱ्याचा आण्णा.

"समुद्र घुसळाया वासुकीची दोरी," शाहिरांनी टाकलं, "तवा शंकराच्या गळा..."

पुढचे शब्द मांडवाने म्हटले आणि आण्णाने जवाब दिला. दुसरा सवाल, तीच गत. तुऱ्याच्या झाडून साऱ्या पार्ट्यांनी कॅसेट घेऊन वर्षभर जवाब घोटले होते.

शाहिरांची कानशिलं तापली. त्यांनी ढोलकी थांबवली आणि उभ्या उभ्या नवा सवाल बांधला:

"बारवी धरणात बुडालं गाव, देव राहिला खाली,
सांग गड्या, त्याची आरती शेवटची कधी झाली?"

आण्णाने साथीदाराकडे पाहिलं. साथीदाराने कॅसेटचं कव्हर उलटंपालटं केलं.

"बी साईडला पण नाय!"

"फाऊल! कॅसेटीभायेरचा हाय!" मांडव उठला.

पंच होते रामभाऊ. त्यांनी गंभीरपणे चष्मा पुसला. "हा नाथाशाहिरांचा सवाल नव्हे. रद्द. आण्णा विजयी."

"अरे, मग मी कोण?"

"तुम्ही तुमच्या जागी मोठेच. पण कॅसेटीत आहे ते प्रमाण. उद्या कुणीही उठेल नि मनचं गाईल!"

"मनचं गायचं नाय तर काय जेठानंदचं गायचं?"

टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. आण्णाच्या हातात मानाचा नारळ पडला.

तेवढ्यात बायकांतून बारवीकडच्या पाड्यावरची भिकी म्हातारी उठली.

"जा दिशी घरां सोडली, त्या सकाली," ती म्हणाली. "आरतीचा ताट मीच धरला होता."

"आजी, खाली बसा," रामभाऊ म्हणाले. "निकाल लागलाय."

शाहीर मंचावरून उतरले. जाता जाता आण्णाच्या हातातला नारळ त्यांनी काढून घेतला, तो म्हातारीच्या ओटीत घातला आणि तिच्या पाया पडले.

"हरलो, माय," ते म्हणाले. "हिच्याकडनं हरलो, लिवून घ्या पंच!"