चौदा नंबरची मोजणी

चष्मेवाल्यांना बसबद्दल फार प्रेम होतं. बस वेळेवर आली पाहिजे, स्वच्छ असली पाहिजे, दर दहा मिनिटांनी असली पाहिजे, यावर ते दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची चौकट चढवून अर्धा अर्धा तास बोलत. गिऱ्हाईक बिचारं जाणार कुठे, त्याला दारच नीट दिसत नसे. स्वतः चष्मेवाले मात्र गेल्या बावीस वर्षांत बसमध्ये चढले नव्हते. बस ही त्यांच्या मते इतरांनी वापरायची गोष्ट होती.

म्हणून चौदा नंबरची बस वसाहतीपर्यंत न येता अलीकडच्या चौकातूनच वळवणार, अशी बातमी आली तेव्हा पहिला अर्ज त्यांनीच लिहिला. चांगला चार पानी. त्यात आपल्या थोरल्या बहिणीचा उल्लेख त्यांनी ‘वृद्ध व असहाय भगिनी’ असा केला, आणि तो अर्ज कौतुकाने तिलाच वाचायला दिला.

अक्का चौसष्ट वर्षांची. भावाकडेच मागच्या खोलीत राहायची. रोज दहा वीसच्या चौदा नंबरने वाचनालयात जाऊन फाटकी पुस्तकं शिवायची. गुडघे कुरकुरत, पण जीभ अजून तेल घातल्यासारखी चालत होती.

“असहाय कोण?” तिने विचारलं.

“अगं, अर्जात तसं लिहावं लागतं.”

“मग स्वतःबद्दल लिही. आणि ऐकून ठेव, बस गेली तर मी काम सोडेन, पण तुझ्या स्कूटरवर मागे बसणार नाही. एकदा बसले होते. वाचनालय येईपर्यंत तू मला भिंगांचे अठरा प्रकार सांगितलेस.”

“एकोणीस आहेत,” चष्मेवाले म्हणाले.

पण मनातून ते धास्तावले होते. सहा वर्षांपूर्वी अक्काचे यजमान गेले, त्यानंतर सहा महिने ती मागच्या खोलीत भिंतीकडे बघत बसून असायची. जेवायला हाक मारली तर यायची, नाही मारली तर नाही. वाचनालयाचं काम मिळालं तेव्हा कुठे घरात तिचा आवाज परत आला. तो पुन्हा बंद झालेला त्यांना चालणार नव्हता.

अर्जाला उत्तर आलं. सोमवार, मंगळवार, बुधवार अशी मोजणी होईल. वसाहतीच्या थांब्यावर दहा वीसच्या बसमध्ये तीन दिवसांत मिळून साठ माणसं चढली तर बस राहील, नाहीतर नाही. रोज चढणारी माणसं चार होती, आणि त्यातली एक अक्का.

चष्मेवाल्यांनी वसाहतीच्या ग्रुपवर खणखणीत मेसेज टाकला. शंभर घरांतून ऐंशी अंगठे आले. दातांच्या डॉक्टरांनी तर बसचं महत्त्व सांगणारी कविताच पाठवली. चष्मेवाले निर्धास्त होऊन दुकानात गेले.

सोमवारी माणसं चढली चार. उरलेल्या प्रत्येकाला वाटलं होतं की बाकीचे सगळे जातीलच, उगाच आपली गर्दी कशाला.

त्या संध्याकाळी चष्मेवाले घरोघर फिरले. हात जोडले, दोन ठिकाणी आवाज चढवला, एका ठिकाणी डोळ्यांत पाणीही आणलं. त्याचा परिणाम असा झाला की मंगळवारी खरोखरच अख्खी वसाहत थांब्यावर हजर झाली. फक्त ती आपापल्या गाड्यांनी आली. थांबा वसाहतीच्या फाटकापासून चालत सात मिनिटांवर होता, आणि एवढं चालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मोटारी थांब्याला खेटून लागल्या. त्यांच्या पुढे स्कूटर, स्कूटरींच्या मध्ये सायकली. दातांचे डॉक्टर आणि वकीलबाई यांच्यात एका जागेवरून जुंपली. इतक्यात बस आली. ड्रायव्हरने वेग कमी केला, थांबायला बोटभरही जागा नाही हे पाहिलं, भोंगा वाजवला. कुणी म्हणालं, मागे घ्या. कुणी म्हणालं, पुढे घ्या. मागे वाहनांची रांग लागली, तेव्हा ड्रायव्हरने खिडकीतून हताशपणे हात हलवला आणि बस निघून गेली. मोटारींच्या आड अडकलेली अक्काही मागे राहिली. बसमधल्या मोजणी कारकुनाने वहीत शून्य लिहिलं.

“बस पकडायला मोटारी काढता?” अक्का एवढंच म्हणाली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग ती पाठ फिरवून घरी चालत निघाली. चष्मेवाले स्कूटर ढकलत तिच्या मागे. तिने वळून पाहिलं नाही, आणि त्या दिवशी ती जेवायलाही आली नाही.

बुधवारी छप्पन्न माणसं हवी होती. कालच्या शरमेने असेल, वसाहत चालत आली. लोकांना आपल्याच रस्त्यावर नवनवीन गोष्टी दिसत होत्या; एकाला तर स्वतःच्याच घराची मागची बाजू दिसली. चष्मेवाले थांब्यावर यादी घेऊन उभे. बस आली, नीट थांबली. “चला, चढा! काकू, पिशवी आत! डॉक्टर, सरका!” त्यांचा घसा बसला. कारकून दारात उभा राहून मोजत होता. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न.

थांबा रिकामा झाला.

“पंचावन्न,” कारकून म्हणाला. “म्हणजे एकूण एकोणसाठ. वाईट वाटतं हो.”

चष्मेवाल्यांनी यादी चाळली, रस्त्याकडे पाहिलं, तिसऱ्या मजल्यावरच्या न आलेल्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. “एक मिनिट थांबा हो! कुणीतरी येईलच!”

खिडकीतून अक्काने डोकं बाहेर काढलं. “अरे, तू का नाही चढत?”

“मी? मला दुकान उघडायचंय.”

अख्खी बस त्यांच्याकडे बघायला लागली. चष्मेवाल्यांनी हातातल्या यादीत आपलं नाव शोधलं. ते त्यांनी लिहिलंच नव्हतं. कान लाल झाले, पण ते चढले. कारकुनाने साठचा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. दातांचे डॉक्टर आणि वकीलबाई एकाच बाकावर कोंबले गेले होते, आणि बाई डॉक्टरांना आपली दाढ दाखवत होत्या. बस चौकातून वळली तसं चष्मेवाल्यांना आपलं दुकान बसच्या उंचीवरून दिसलं. पाटीच्या माथ्यावर एक चप्पल पडली होती, न जाणे किती वर्षांपासून. ते एकटेच हसले. पुढे कंडक्टरने अक्काला काहीतरी सांगितलं आणि अक्का खदखदून हसली. असं हसणं त्यांनी घरात कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर कंडक्टरचा थोडा हेवाही वाटला.

गुरुवारी मोजणी नव्हती. वसाहत आपापल्या गाड्यांनी कामाला गेली. तिचं कर्तव्य झालं होतं. थांब्यावर नेहमीचे चार होते आणि पाचवे चष्मेवाले.

“आज कुणी मोजायला नाही,” अक्का म्हणाली.

“माहीत आहे.”

“दुकान?”

“अर्धा तास उशिरा उघडेन. तेवढ्यात कुणी आंधळं होत नाही.”

अक्का खिडकीशी बसली आणि पिशवी उचलून तिने शेजारची जागा मोकळी केली. “बस. पण भिंगांबद्दल एक शब्द नको.”

चष्मेवाले बसले. पहिला थांबा गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला त्यांच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं ते त्यांनी गिळलं. चौथ्या थांब्यानंतर अक्काने खिडकीबाहेर बघतच यजमानांचं नाव घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. “हे इथूनच चढायचे,” ती म्हणाली, आणि वाचनालय येईपर्यंत सांगत राहिली.