टेबलावरचा वजनकाटा

"परत चालव," व्हर्ना म्हणाली.

आर्वोने बटण दाबले. स्क्रीनवर आकडा आला, खाली हिरवी चौकट उमटली आणि प्रिंटरने पावती बाहेर ढकलली. आकडा बरोबर होता. सकाळपासूनची ही चौतिसावी पावती, आणि चौतीसच्या चौतीस बरोबर होत्या.

"बघ. तुझ्याकडे नीट चालतंय. म्हणजे मीच."

"असं कुठं म्हणालो मी?"

"तू म्हणत नाहीस रे. तू कधी काहीच म्हणत नाहीस. म्हणून तर तुझ्याकडे आले." व्हर्ना हसली, पण तिने पावती हातात घेऊन पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेलीच. "माझी आईसुद्धा शेवटी म्हणायची, मी नाही, कुणीतरी डबे हलवतंय."

उत्तरेकडच्या बर्फाळ हॅन्कॉक गावात, जुन्या बँकेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर आमची दोन माणसांची कंपनी होती. आर्वो कांगस प्रोग्रॅम लिही आणि मी त्याची माहितीपुस्तके लिही. त्याआधी मी शाळेत शिकवत असे, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. मग सगळे गावच म्हणू लागले. आमचा खपलेला माल असा एकच. लाकडांचे ट्रक कारखान्यात आले की त्यांचे वजन नोंदवून पावती देणारा प्रोग्रॅम. कधीकाळी अकरा कारखान्यांत तो चालायचा. कारखाने एकेक करून बंद पडले आणि आता एकच उरला होता. त्या कारखान्याच्या वजनकाट्यावर, फाटकाशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये, व्हर्ना साल्मी सव्वीस वर्षे बसत होती.

तिचे काम सोपे होते असे सगळ्यांना वाटायचे. ट्रक काट्यावर चढला की बटण दाबायचे. प्रोग्रॅम काट्याला वजन विचारतो, काटा सांगतो, पावती निघते. काट्याची संगणकाशी जोडणीच तुटली तर स्क्रीनवर तसे दिसते; मग काट्याच्या डोक्यावरचा आकडा बघून तो हाताने टाकायचा. अशा नोंदीपुढे आणि पावतीवर प्रोग्रॅम 'ह' लावतो, म्हणजे हाताने. बस, एवढेच. पण उणे वीस तापमानात, ट्रकची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असताना, ड्रायव्हर खिडकीवर थापा मारत असताना हे दिवसातून शंभर वेळा करायचे असते.

त्या हिवाळ्यात कारखान्याच्या नव्या व्यवस्थापकाने, ब्रेंटने, कुणीच आजवर न केलेली गोष्ट केली. काट्याच्या पोटात कागदाची एक गुंडाळी असते. ट्रक स्थिर झाला की काटा स्वतःपुरता आकडा तिच्यावर छापून ठेवतो. ब्रेंटने जानेवारीची गुंडाळी काढली आणि पावत्यांशी ताडून पाहिली. सात पावत्या जुळल्या नाहीत.

"मला दोनच गोष्टी दिसतात," तो व्हर्नाला म्हणाला होता. "एक तर तुम्ही कुणासाठी तरी हे करताय, नाही तर तुम्हाला आता झेपत नाहीये. शुक्रवारी ठरवू."

पहिल्या गोष्टीवर व्हर्ना हसली असती. दुसरी ऐकून ती बुधवारी सकाळी आमचे दोन जिने चढून आली. तिची आई शेवटची आठ वर्षे टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होती आणि शेवटची पाच वर्षे व्हर्नाला परिचारिका समजत होती. व्हर्ना आता एकसष्टची होती.

"आर्वो, मला नोकरीचं नको सांगू. ती गेली तर गेली. फक्त एवढं सांग, ते मी केलं का?"

"शोधतो," आर्वो म्हणाला.

आता ट्रक काही दुसऱ्या मजल्यावर येत नाही. म्हणून आर्वोने फार पूर्वी काट्याचे सोंग घेणारा एक लहान प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. मुख्य प्रोग्रॅमने वजन विचारले की हा खोटा काटा उत्तर द्यायचा. बुधवारी दिवसभर आर्वो त्याला विचारत राहिला आणि तो अचूक उत्तरे देत राहिला. आर्वोने एकेक ओळ थांबवून पाहिली, तारखा बदलून पाहिल्या, ट्रकचे क्रमांक उलटेसुलटे केले. व्हर्ना बाजूला बसून बघत होती. दुपारी तिने आणलेला वेलदोड्याचा पाव आम्ही तिघांनी कॉफीत बुडवून खाल्ला. मी मध्येच म्हणालो, "मशीनसुद्धा चुकतं कधीकधी." ते इतके पोकळ वाटले की मी उगाच खिडकीजवळ जाऊन बर्फ पाहत उभा राहिलो.

गुरुवारी आम्ही दोघे कारखान्यावर गेलो. आर्वोने केबिनमधल्या संगणकाच्या स्क्रीनवर एक छोटी खिडकी बसवली. वजन विचारण्याआधी प्रोग्रॅम थांबेल, त्याच्या पोटात कोणता आकडा आहे तो दाखवेल आणि व्हर्नाने 'ठीक' म्हटल्यावरच पुढे जाईल. चूक नेमकी कुठे शिरते ते दिसावे म्हणून. अडतीस ट्रक गेले. अडतीसही बरोबर.

"काय रे आर्वो," खिडकीतून एक ड्रायव्हर ओरडला, "नवीन काय घातलंस? तुझा डबा उघडून मिटेपर्यंत माझी मिशी गोठली!"

"दातांच्या डॉक्टरकडे गेलं की दात दुखायचा थांबतो, तसं झालंय," आर्वो मला म्हणाला. "मी बघायला लागलो की ती लपते."

"चूक असेल तर लपेल ना," व्हर्ना खुर्चीतूनच म्हणाली. तिचे बोट 'ठीक'च्या बटणावर होते. ते दाबण्याआधी ती आता प्रत्येक वेळी ओठ हलवून आकडा वाचत होती. बुधवारपर्यंत ती असे करत नव्हती.

आर्वोने खिडकी काढून टाकली, जानेवारीची सगळी नोंद, त्या सात पावत्या आणि काट्याची गुंडाळी बरोबर घेतली आणि आम्ही परत आलो. तो पुन्हा आपल्या ओळींत शिरला. मला ओळींतले काही कळत नाही. मी फक्त नोंदी छापून घेतल्या आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसलो, कारण वाचणे एवढेच मला येते, आणि तेही बरे येते की नाही याची मला आयुष्यभर शंका राहिली आहे. पावतीवर फक्त लाकडाचे वजन असते, रिकाम्या ट्रकचे वजा करून. या यादीत मात्र भरलेल्या ट्रकची वजने एकाखाली एक होती. मुद्रितशोधन करताना एकच शब्द लागोपाठ दोनदा आला की डोळा अडखळतो, तसा माझा अडखळला. नऊ जानेवारी. १,५२,३८०. खाली दुसरा ट्रक, दुसरा ड्रायव्हर, १,५२,३८०.

"आर्वो, दोन ट्रकांचं वजन पौंडापर्यंत सारखं असू शकतं का?"

त्याने मान वर केली नाही. "नाही."

"इथं आहे."

तो उठून आला. माझ्या खांद्यावरून वाकून त्याने ते दोन आकडे पाहिले. त्याचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता. मग तो आपल्या जागी गेला, प्रोग्रॅमच्या ओळींत खूप खाली उतरला आणि एका ओळीवर थांबला.

"ही," तो म्हणाला.

ती ओळ त्याने मला शब्दांत समजावली. ती म्हणत होती, चूक झाली तर गप्प राहा आणि पुढे जा. घसरड्या काट्यावर ट्रक थोडा डुलत असला की काटा वजन सांगत नाही. मग प्रोग्रॅमने ओरडायला हवे. पण या ओळीमुळे तो ओरडत नव्हता. नवे वजन मिळाले नाही तर पोटात शिल्लक असलेले आधीच्या ट्रकचे वजन तो मुकाट्याने छापत होता. गुरुवारी खिडकी उघडून मिटेपर्यंत ट्रक स्थिर होत होता, म्हणून चूक दिसत नव्हती. आणि आमच्या टेबलावरचा काटा तर कधी डुलतच नव्हता. वर्षानुवर्षे आर्वोने आपला प्रोग्रॅम अशा काट्यावर पारखला होता, ज्यावर कधी बर्फ पडला नाही आणि वारा सुटला नाही.

"कधी लिहिलीस ही?"

"दोन हजार एक. फेब्रुवारी." त्याने चष्मा काढला. "प्रोग्रॅम सारखा थांबायचा, आठवतं? 'वजन मिळाले नाही', 'वजन मिळाले नाही'. अकराही ठिकाणांहून फोन. मी म्हटलं, तात्पुरतं गप्प करू याला, मग सावकाश बघू."

मला आठवत होते. पुस्तकात एक्केचाळिसावे पान त्याच सूचनेचे होते: असा संदेश आला तर काय करावे. आर्वोने सांगितल्यावर मी ते पान काढून टाकले होते. का काढायचे, हे मी विचारले नाही. पुस्तक एका पानाने आटोपशीर झाले याचा मला तेव्हा आनंद झाला होता.

आर्वोने खोट्या काट्याला मधूनमधून गप्प बसायला शिकवले आणि बटण दाबले. तिसरीच पावती चुकीची निघाली. दोन दिवस ज्या गोष्टीमागे तो धावत होता ती समोर येऊन उभी राहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूसही नव्हता.

"बावीस वर्षं, मास्तर. अकरा कारखाने. किती पावत्या असतील?"

मी यादी त्याच्यापुढे सरकवली.

मग त्याने सातही पावत्या यादीशी जुळवल्या. सहा पावत्यांच्या नोंदीवरच्या ओळीत आधीच्या ट्रकचा तोच आकडा होता. सातवीच्या वरच्या ओळीत नव्हता. सातवीपुढे 'ह' होता. काट्याच्या गुंडाळीवर १,४८,६२०, नोंदीत १,८४,६२०. त्याने ती चार वेळा तपासली. त्या नोंदीत त्याच्या ओळीचा काही हात नव्हता. तो आकडा माणसाने टाकला होता.

"एखाद्याच्या हातून होतंच असं," मी म्हणालो.

"होतं." ती पावती बाजूला काढत तो म्हणाला, "पण तिनं तेच विचारलंय."

शुक्रवारी दुपारी ब्रेंटने आम्हाला कॉफी दिली. माणूस वाईट नव्हता. आर्वोने त्याला सगळे उभ्यानेच सांगितले, ओळ कुठली, कुणी लिहिली, केव्हा. ब्रेंट मधेच म्हणाला, "बसा ना," तरी तो बसला नाही.

"म्हणजे सातही प्रोग्रॅमचा दोष?" ब्रेंटने विचारले.

आर्वोने तोंड उघडले आणि मिटले. मी म्हणालो, "प्रोग्रॅमचाच." आयुष्यात फार थोड्या वेळा मी दुसऱ्याच्या आधी बोललो आहे.

ब्रेंटने कप खाली ठेवला. "बरं झालं सांगितलंत. व्हर्नाबाईंवर ठपका नाही, तसं लिहून देतो मी. पण तुम्हाला खरं सांगतो, मुख्य कार्यालयातून आठवड्यापूर्वीच पत्र आलंय. एप्रिलपासून नवी व्यवस्था. कॅमेरा ट्रकची पाटी वाचणार, ड्रायव्हरच खाली न उतरता बटण दाबणार. केबिन काढून टाकायचीय."

"मग शुक्रवारी ठरवू म्हणालात ते?"

"एप्रिलपर्यंत ठेवायचं की आत्ताच, एवढंच ठरवायचं होतं." तो ओशाळला. "तुमच्या प्रोग्रॅमचंही तसंच, आर्वो. मी फोन करणारच होतो."

"ती ओळ काढायला चार मिनिटं लागतात," आर्वो म्हणाला.

"काढा की. एप्रिलपर्यंत चालवायचाच आहे."

आर्वो केबिनमध्ये गेला आणि खरेच चार मिनिटांत ती ओळ काढून आला. तोवर व्हर्नाची सुटी झाली होती. ती बाहेर आपल्या गाडीशी उभी होती, टोपी कानांपर्यंत ओढलेली. कारखान्याच्या धुराड्याचा वास हवेत थिजल्यासारखा झाला होता.

"ब्रेंटनं हात मिळवला माझ्याशी," ती म्हणाली. "एप्रिलचंही सांगितलं. ते असू दे. आर्वो, मी नव्हते ना?"

"ओळ माझी होती. बावीस वर्षांची. तू बटण दाबत होतीस, चूक मी करत होतो."

तिने डोळे मिटले. खांदे खाली आले. मला वाटले, त्याने आता इथेच थांबावे. देवाने आता आर्वोला सर्दी द्यावी, खोकला द्यावा, काहीही द्यावे.

"सातही?" तिने डोळे न उघडताच विचारले.

आर्वोने हातमोजा काढला, खिशातून घडी केलेली पावती काढली आणि तिला दिली.

"सहा माझ्या," तो म्हणाला. "ही नाही."

व्हर्नाने पावती उलगडली. 'ह'चा अर्थ तिला आमच्यापेक्षा चांगला माहीत होता. तिने आकडा वाचला, ओठ हलवत, डावीकडून उजवीकडे. मग परत वाचला.

"कुठला ट्रक हा?"

"मंगळवार, सतरा तारीख. दुपारचा."

"काटा बोलला नसेल तेव्हा?"

"नाही बोलला. तू वर बघून टाकलास."

"आठवत नाही," ती म्हणाली.

"शंभर ट्रक असतात दिवसाला, व्हर्ना. कुणाला आठवतील?"

"मला आठवायचे," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. तिने पावतीची पहिल्यासारखीच घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. थोडा वेळ ती कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहत राहिली. तिथून तिचे घर अकरा मैल, सरळ रस्ता, एक वळण.

मग तिने किल्ली माझ्यापुढे धरली.

"मास्तर, तुम्ही चालवता का?"

ती वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली, दार उघडून बसली आणि हात मांडीवर ठेवले. आर्वो आपल्या गाडीत बसून मागे थांबला. मी स्टिअरिंगसमोर बसलो. सीट फार पुढे होती, तिच्या उंचीची. माझे गुडघे अडकत होते. मी खालची पट्टी ओढून ती मागे सरकवली.